धबधब्यातील रेघा

शेजाऱ्याची क्षमा मागण्याचा प्रसंग माणसावर कोणत्या वाटेने येईल ह्याचा नेम नसतो. मजवर तो गेल्या उन्हाळ्यात रेडिओच्या वाटेने आला. संगणकाला जोडावयाच्या नव्या धर्तीच्या रेडिओविषयी ह्या सदराच्या काही वाचकांनी मागे विचारणा केली होती. पडद्यावर जे रंगीत चित्र उमटते त्याचा अर्थ कसा लावावा, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. तेव्हा उत्तर देण्याचे राहून गेले. आता देतो ते माझ्या चुकीसकट देतो. कारण ते चित्र चुकीचे कसे वाचले जाते, हे मला आता पुरतेपणी ठाऊक झाले आहे.

प्रथम यंत्राविषयी. जुन्या रेडिओचा काटा फिरवून आपण एका वेळी एकच केंद्र निवडीत असू. बाकीचे सारे आकाश त्या घटकेपुरते बंद. दाराच्या फटीतून घर पाहण्यासारखेच ते होते. नव्या प्रकाराला 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ', थोडक्यात 'एसडीआर' म्हणतात. त्यात एरियलवर आलेल्या लहरींचा एक रुंद पट्टा सबंधच्या सबंध अंकांत मोजून घेतला जातो आणि केंद्र निवडणे, त्यातून आवाज वेगळा काढणे ही पुढची कामे संगणकातील प्रोग्रॅम करतो. ह्यांतला सर्वांत स्वस्त प्रकार एका परीने योगायोगानेच हाती लागला. संगणकावर दूरचित्रवाणी पाहता यावी म्हणून अंगठ्याएवढी डोंगले विकली जात. त्यांत 'आरटीएल २८३२यू' नावाची चिप असे. तिने मोजलेले कच्चे अंक तसेच्या तसे बाहेर काढता येतात, असे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि दूरचित्रवाणीचे ते खेळणे बिनतारी जगाची खिडकी होऊन बसले. सेकंदाला सुमारे २४ लाख मोजमापे ते विनातक्रार देते. प्रत्येक मोजमाप अवघे ८ बिटांचे, म्हणजे २५६ पायऱ्यांचे असते. ह्या २५६ पायऱ्यांची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हे २४ लाख अंक नुसते ओळीने मांडले तर त्यांतून काहीही बोध होणार नाही. त्यांचे चित्र होते ते गणिताने. कोणतीही गुंतागुंतीची लहर अनेक साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते, हा विचार फूरिए ह्या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात मांडला. बेरजेतले मूळ घटक वेगळे करावयाचे म्हणजे मात्र आकडेमोड अफाट. ४०९६ अंकांचा एक तुकडा घेतला, तर सरळ रीतीने सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार करावे लागतात. १९६५ साली जेम्स कूली व जॉन ट्यूकी ह्या दोघा अमेरिकनांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. तिने तेच काम पन्नास हजारांच्या आतबाहेर आटोपते. (गाउसच्या १८०५ च्या सुमाराच्या टिपणांत हीच युक्ती होती, हे मागाहून उघडकीस आले! त्याने ती आपल्या हयातीत छापलीच नव्हती.) आज घरातला साधा संगणक ही आकडेमोड सेकंदातून कितीतरी वेळा करतो, आणि प्रत्येक वेळी एक नवे चित्र काढतो.

चित्रे दोन असतात, एकाखाली एक. वरचे ते वर्णपटाचे, म्हणजे स्पेक्ट्रमचे. डावीकडून उजवीकडे कंप्रता, म्हणजेच फ्रीक्वेन्सी. आणि उंची म्हणजे त्या जागी लहर किती जोराची आहे ते, डेसिबेलमध्ये. रिकाम्या आकाशाची खरखर तळाशी गवतासारखी हलत असते आणि केंद्रे त्या गवतातून झाडांसारखी वर येतात. खालचे चित्र ते 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा. वरच्या चित्राची एक-एक घटका रंगीत ओळ होऊन खाली सरकत जाते. जोराची लहर पिवळी वा तांबडी, मंद लहर निळी. वरचे चित्र 'आता'चे, तर खालच्यात गेल्या काही मिनिटांची आठवण साठलेली असते. नवखा मनुष्य वरच्या चित्राकडे पाहत बसतो; जाणता खालच्याकडे पाहतो.

थोड्या सवयीने माणूस कानाआधी डोळ्यांनी केंद्र ओळखू लागतो. मीडियम वेव्हवरील केंद्राच्या मधोमध एक अखंड उभी रेघ असते, ती वाहक लहर. आणि तिच्या दोन्ही अंगांस बोलण्याचे सारखेच पट्टे, आरशातल्यासारखे. हौशी बिनतारी मंडळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात तेव्हा मधली रेघही नसते आणि दुसरे अंगही नसते. अडीच-तीन किलोहर्ट्झ रुंदीचा एकच पट्टा शब्दाशब्दाला उजळतो नि विझतो. मोर्सची कट्ट-कडकट्ट म्हणजे तुटक ठिपक्यांची उभी ओळ. एफएमचे केंद्र दोनशेएक किलोहर्ट्झ रुंदीत ऐसपैस पसरलेले असते. कधी एक बारीक तिरकी रेघ साऱ्या चित्रातून आरपार निघून जाते: वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरांची परीक्षा घेणारे प्रक्षेपक सेकंदाला १०० किलोहर्ट्झ ह्या बेताने आपली कंप्रता चढवीत नेतात, त्यांची ती खूण. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८ मेगाहर्ट्झवर काही पाठवीत असेल, तर त्याची रेघ उभी न राहता वळणदार होते. ते आपल्याकडे येत असते तेव्हा कंप्रता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली, दूर जाताना तेवढीच खाली, आणि सर्वांत जवळ असते त्या क्षणी रेघ सर्वांत वेगाने कलते. आगगाडी शिटी फुंकीत फलाटावरून निघून जाते तेव्हा कानाला जे कळते, ते येथे डोळ्याला दिसते.

येथवर सारे सुरस आहे. परंतु हे चित्र म्हणजे आकाशाचे छायाचित्र नव्हे. तो हिशेब आहे, आणि हिशेब कोणत्या पद्धतीने मांडावा हे आपणच ठरवीत असतो.

२४ लाखांपैकी ४०९६ अंकांचा तुकडा घेतला तर चित्रातला एक ठिपका सुमारे ५८६ हर्ट्झ रुंदीचा होतो. ६५,५३६ अंकांचा तुकडा घेतला तर ठिपका ३७ हर्ट्झांहून किंचित कमी. चित्र सोळा पट बारीक. मग नेहमीच मोठा तुकडा का घेऊ नये? कारण तेवढे अंक गोळा होण्यास वेळ लागतो. पहिला तुकडा २ सहस्रांश सेकंदांहूनही कमी वेळात भरतो, दुसऱ्याला २७ लागतात. २,६२,१४४ अंकांचा घेतला तर सेकंदाचा नववा हिस्सा जातो. आणि मोर्सच्या मध्यम गतीच्या संदेशातील टिंब तर ६० सहस्रांश सेकंदांतच संपून जाते! टिंबे नि रेघा एकमेकींत मिसळून सलग पट्टी दिसू लागते. कोठे आहे हे बारकाईने पाहावे तर केव्हा आहे हे पुसट होते. केव्हा हे नेमके हवे तर कोठे हे पुसट. ही संगणकाची उणीव नव्हे. लहरींचा स्वभावच तसा आहे आणि कितीही मोल मोजले तरी त्यातून सुटका नाही.

ह्याच हिशेबातून एक गमतीदार गैरसमज होतो. तुकडा दुप्पट केला की तळाची खरखर ३ डेसिबेलने खाली गेलेली दिसते, कारण तीच खरखर दुप्पट ठिपक्यांत वाटली जाते. ४०९६ वरून ६५,५३६ वर गेलात की तळ १२ डेसिबेल उतरतो आणि वाहक लहरींच्या रेघा होत्या तेवढ्याच उंच राहतात. मनुष्याला वाटते, आपले एरियल सुधारले. दोन मित्र आपापल्या पडद्यांची चित्रे शेजारी ठेवून कोणाचा संच सरस ह्यावर वाद घालतात, आणि तुकड्याचा आकार मात्र कोणी कोणास विचारीत नाही. मी असा वाद जिंकलेलाही आहे.

दुसरी फसगत भुतांची. मजजवळचा संच लघुलहरी थेट मोजतो तेव्हा त्याचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचे असते. त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १४.४ च्या पलीकडले काही आत शिरले, तर घडी घातलेल्या कागदावरील शाईसारखे ते अलीकडच्या बाजूला उमटते. १५.३ मेगाहर्ट्झवरील केंद्र १३.५ वर दिसते आणि काटा वर नेला की ते नेमके उलट्या दिशेने चालते. पुष्कळ संचांत चित्राच्या मधोमध एक रेघ सदैव उभी असते. ती कोठलेही केंद्र नव्हे, संचाचा स्वतःचाच दोष तो. ओळखण्याची रीत सोपी आहे. चित्र थोडे सरकवून पाहावे. खरे केंद्र आपल्या आकड्याला धरून राहते. मधली रेघ तुमच्याबरोबर चालू लागते.

सर्वांत लबाड भुते ती दडपणाने निर्माण होणारी. येथे त्या २५६ पायऱ्या आठवाव्यात. जवळच्या जोरदार केंद्राने साऱ्या पायऱ्या भरून गेल्या की संचाचा तोल जातो. तळाची खरखर एकाएकी उंचावते आणि जेथे कोणी नाही तेथे केंद्रे दिसू लागतात. गेन वाढवीत नेणारा नवशिका ह्या गर्दीने हरखून जातो. त्याने एरियल व संच ह्यांच्यामध्ये १० डेसिबेलचा अटेन्युएटर घालून पाहावा. खऱ्या रेघा १० ने उतरतील. दोन लहरींच्या संकरातून जन्मलेली, ज्यांस तृतीय क्रमाची म्हणतात ती भुते, ३० ने उतरतील; म्हणजे बहुधा नाहीशीच होतील. गेन किती ठेवावा ह्याचेही उत्तर चित्रातच आहे. एरियल जोडताच तळ थोडा उचलला गेला, की पुरे. त्यापुढे वाढविल्याने केंद्र व खरखर दोन्ही सारखीच चढतात, पदरात काही पडत नाही.

हे सारे मला गेल्या उन्हाळ्यापूर्वीच ठाऊक होते. तरीही चुकलो.

सायंकाळी सातच्या सुमारास ७ मेगाहर्ट्झवर देशभरची हौशी मंडळी एकमेकांची विचारपूस करीत असतात. ती ऐकण्याचा मला नाद आहे. एप्रिलात एके दिवशी त्या आवाजांवर जाडी भुणभुण येऊन बसली. त्याच आठवड्यात शेजारच्या नानांकडे नवा इन्व्हर्टर बसला होता. मी पडद्यावर पाहिले. ऐकावयाच्या जागेभोवती वीसएक किलोहर्ट्झ एवढाच भाग मोठा करून मी नेहमी पाहत असे. त्यात धुरकट, सुताच्या लडीसारखा एक उभा पट्टा दिसला. आता हे पॉवर सप्लायचे लक्षण, हे कोणीही सांगेल. मी कुंपणापाशी जाऊन म्हणालो, "नाना, तुमच्या इन्व्हर्टरने माझा रेडिओ पार बसवला हो."

"असं होय? मग बंद ठेवतो की. त्यात काय!" नाना म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी तो बंद केला.

दहा मिनिटांत भुणभुण विरली. मी त्यांस धन्यवाद दिले. त्यानंतर रोज सात ते आठ नाना इन्व्हर्टर बंद ठेवू लागले. तथापि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुणभुण पुन्हा उगवली, आणि लिहिताना शरम वाटते, नाना विसरले असावेत किंवा कंटाळले असावेत, असे माझ्या मनात येऊन गेले. त्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळची वीज वरचेवर जात असे. नानांच्या घरी नव्वदीला टेकलेली त्यांची आई आहे.

आठव्या दिवशी काय सुचले कोण जाणे, मी चित्र लहान केले. म्हणजे वीस किलोहर्ट्झांऐवजी सबंध २४०० किलोहर्ट्झ समोर घेतले. धबधब्याचा वेगही इतका मंद केला की एका पडद्यात पाऊण तास मावावा. मग जे दिसले त्याने मी चकित झालो. माझा तो एकटा पट्टा एकटा नव्हताच. फणीच्या दातांसारखे सारख्या अंतरावर, सुमारे ६२ किलोहर्ट्झांवर एक, असे अडतीसएक पट्टे उभे होते. आणि ते उभेही नव्हते. सातला पाच मिनिटे असता सर्वच्या सर्व एकाच ओळीवर सुरू झाले होते, आणि मग दहा-पंधरा मिनिटे धुराच्या रेषांप्रमाणे एकाच बाजूला वळत जाऊन सावकाश स्थिर झाले होते.

अर्थ कळावयास वेळ लागला नाही. अशा फणीच्या दातांमधील अंतर म्हणजेच मूळ यंत्राची कंप्रता. ७ मेगाहर्ट्झजवळचा दात हा त्या ६२ किलोहर्ट्झांची सुमारे ११३ वी पट असतो. यंत्र तापून मूळ कंप्रता १०० हर्ट्झ सरकली, की येथील दात ११ किलोहर्ट्झ सरकतो. पहिल्या दिवशी नानांनी बटण दाबले त्यानंतर भुणभुण विरली ती त्यांच्या बटणाने नव्हे. पट्टा आपोआप माझ्या अरुंद चौकटीबाहेर चालून गेला होता! पुढे हवेच्या उष्म्याप्रमाणे तो रोज निराळ्या जागी स्थिर होई. कधी माझ्या जागेवर, कधी बाजूला.

मी पाहत असतानाच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर असल्याने चित्र चालू राहिले. सगळे पट्टे सुरीने कापल्यासारखे एका ओळीवर संपले आणि खाली निर्मळ निळा रंग उतरू लागला. इन्व्हर्टर दोषी असता तर भुणभुण वीज गेल्यावर वाढावयास हवी होती. वीज जाताच ती थांबते हे मी आठवडाभर ऐकत होतो, आणि ऐकूनही ऐकले नव्हते. खिडकीतून पाहिले तर नानांच्या घरात मेणबत्ती होती. त्यांची आई ओट्यावर बसून विंझणवारा घेत होती.

वीज आल्यावर मी आमच्याच घराचा मेन स्विच पाडला. पट्टे नाहीसे. मग एकेक फ्यूज, एकेक प्लग. शेवटी माझ्या टेबलावरील दिव्याचा अडॅप्टर हातात आला. रेडिओ नीट दिसावा म्हणून एप्रिलातच मी तो दिवा आणला होता, आणि सातला पाच मिनिटे असता रोज मीच तो लावीत होतो.

ज्यांच्या घरी असा संच आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की खरखरीचा शोध करताना प्रथम चित्र होईल तेवढे रुंद करावे नि धबधबा होईल तेवढा मंद. अरुंद चौकट ही ऐकण्यासाठी. शोधासाठी ती कुचकामी. संच बॅटरीवर चालवावा आणि पहिला मेन स्विच स्वतःच्या घरचा पाडावा. अडॅप्टरच्या दोरीवर फेराइटची कडी चढवून तिच्यातून दोरीचे पाच-सहा वेढे काढल्यास पुष्कळदा काम भागते. माझे भागले नाही. दिवा बदलावा लागला. ज्यांजवळ संच नाही त्यांनाही असे चित्र पाहता येते. नेदरलँड्समधील एन्शेडे येथील ट्वेंटे विद्यापीठात २००८ साली असा एक सार्वजनिक संच इंटरनेटवर ठेवला गेला. लघुलहरींचा जवळजवळ सारा प्रदेश त्यावर घरबसल्या समोर येतो. मात्र तो त्या गावचा आकाशपट असतो. आपल्या गल्लीतील अडॅप्टर त्यात दिसावयाचे नाहीत.

नानांकडे मी त्याच रात्री गेलो. सारी हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईला तेवढं सांगा तुम्हीच. ती रोज विचारायची, बटण का बंद म्हणून." मी आत जाऊन सांगितले. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे तीन वेळा सांगावे लागले. प्रत्येक वेळी ते अधिक जड गेले.

मे महिन्यात वळवाच्या एका संध्याकाळी नाना आपण होऊन रेडिओ पाहावयास आले. मी धबधबा लावून दिला. एकाएकी ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लख्ख आडवी रेघ उमटली, आणि नानांनी बोट ठेवून विचारले, "ही कसली?"

"वीज चमकली कोठेतरी. सगळ्या कंप्रतांवर एकाच वेळी येते ती. आकडे मोजा."

नानांनी मोजले. नवाला गडगडाट झाला; म्हणजे तीनएक किलोमीटरवर. पुढल्या रेघेला सहावरच गडगडले. नाना उठले आणि आईच्या खोलीची खिडकी लावावयास घरी गेले.